नेटवर्क चुकलं तर माणूस अडाणी, मग कंपनी कोण?

परवा तलासरी नाक्यावर चहा पीत होतो. बाजूच्या बाकावर दोघं बोलत होते. विषय होता डहाणू तालुक्यातल्या एका वारली चित्रकाराचे अडकलेले पैसे. एकजण म्हणाला, "झेपत नाही तर हात कशाला घालायचा? अडाणी ते अडाणीच." दुसरा हसला.

मी तेव्हा काही बोललो नाही. चहाचे पैसे दिले आणि दुकानात येऊन बसलो. पण ते हसणं डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब आहे. ज्यांच्या मोबाइलमध्ये युएसडीटीचं एकतरी अ‍ॅप आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आपल्या पोरांना वाचायला द्या.

आधी प्रकरण सांगतो. नाव सांगणार नाही, तसा शब्द दिलाय.

माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. जातीचे दाखले, पॅन, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेल्वेची तिकिटं. उन्हाळ्यात हा दादा माझ्याकडे आला. पंधरा-वीस वर्षं चित्रं काढतोय. एका परदेशी गिऱ्हाइकाने त्याच्याकडून मोठं कापड करून घेतलं होतं, तारपा नाचाचं. दीड महिना घरातली दोन माणसं त्यावर बसली होती. गिऱ्हाईक म्हणालं, बँकेतून पाठवायला वेळ लागतो, मी युएसडीटी पाठवतो. या दादाने गावातल्या एका 'क्रिप्टो'वाल्या पोराला विचारलं. त्याने मोबाइलमध्ये एका कंपनीचं अ‍ॅप टाकून दिलं, खातं उघडून दिलं आणि पत्ता काढून दिला. गिऱ्हाइकाने विचारलं, नेटवर्क कुठलं? पोरगा म्हणाला, "कुठलंही चालतं, पत्ता सेम असतो."

गिऱ्हाइकाने स्वस्त म्हणून पॉलिगॉन निवडलं. अ‍ॅपने दिलेला पत्ता इथेरियमचा होता. ५२० युएसडीटी निघाले. म्हणजे साधारण ४५ हजार रुपये. पावसाआधी घरावर पत्रे टाकायचे होते.

पैसे आले नाहीत. गिऱ्हाईक म्हणालं, मी पाठवलेत, हा घ्या पुरावा. मी तो व्यवहाराचा नंबर घेऊन पॉलिगॉनच्या उघड्या वहीत शोधला. ही वही कोणालाही इंटरनेटवर बघता येते. तर पैसे तिथेच! त्याच पत्त्यावर, पूर्णच्या पूर्ण. दादाने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "हे माझेच ना?" मी म्हटलं, "तुझेच." "मग काढ ना."

काढता येत नाहीत. कंपनीला तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा इंग्रजीत तेच उत्तर आलं : तुम्ही आम्ही न स्वीकारणाऱ्या नेटवर्कवर पैसे पाठवलेत, ते परत मिळू शकत नाहीत, गैरसोयीबद्दल दिलगिरी.

पत्रे पडले नाहीत. पावसाळा प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली गेला. आणि नाक्यावर लोक हसतायत की अडाणी आहे.

आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं सरळ आहे. नेटवर्क चुकणं ही त्या माणसाची चूक म्हणून सोडून देता येणार नाही. ज्यांनी हा रस्ता बांधला, ज्यांनी त्यावर टोल बसवला, आणि ज्यांनी 'काही होत नाही, दाब' म्हणून आपल्या माणसांना त्यावर ढकललं, त्यांची ही चूक आहे. हे का म्हणतो ते सांगतो.

पहिल्यांदा नेटवर्क म्हणजे काय ते आपल्या भाषेत समजून घ्या.

युएसडीटी हे टेदर नावाच्या कंपनीचं नाणं. एक नाणं म्हणजे एक डॉलर, असा त्यांचा वायदा. पण हे नाणं एकाच वहीत नाही. इथेरियमच्या वहीत आहे, ट्रॉनच्या वहीत आहे, सोलानाच्या आहे, आणखी बऱ्याच आहेत. प्रत्येक वही वेगळी, तिचा हिशोब वेगळा, तिची फी वेगळी. एका वहीतली नोंद दुसऱ्या वहीला दिसत नाही. ईआरसी-२० म्हणजे इथेरियमची वही, टीआरसी-२० म्हणजे ट्रॉनची, बीईपी-२० म्हणजे बीएनबीची. या नावांमागे एवढंच आहे.

ट्रॉनचा पत्ता इंग्रजी 'टी' अक्षराने सुरू होतो, ३४ अक्षरांचा असतो. तो चुकून इथेरियमवर टाकला तर अ‍ॅप बहुतेक वेळा अडवतं, पत्ता चुकीचा म्हणतं. खरा खड्डा तिथे नाही. खरा खड्डा 'शून्य-एक्स'ने सुरू होणाऱ्या पत्त्यात आहे. इथेरियम, बीएनबी, पॉलिगॉन, आर्बिट्रम, या सगळ्यांचा पत्ता एकसारखा, ४२ अक्षरांचा. अक्षरन् अक्षर तोच. म्हणून अ‍ॅप अडवत नाही आणि माणूस फसतो.

समजा एका माणसाची चार घरं आहेत. कासा, उधवा, बोर्डी आणि चिंचणी. चारही घरांचा नंबर १२, आणि चारही घरांना एकच किल्ली. तुम्ही सामान बोर्डीला पाठवायचं ते उधव्याला टाकलं. किल्ली तुमच्या खिशात असेल तर काय बिघडलं? उधव्याला जा, दार उघडा, सामान घ्या. स्वतःचं वॉलेट असेल, बारा शब्दांची गुप्त यादी तुमच्याकडे असेल, तर हेच होतं. वॉलेटमध्ये नेटवर्क बदललं की पैसे दिसतात. फक्त तिथून हलवायला त्या नेटवर्कचं थोडं इंधन लागतं.

पण किल्ली कंपनीकडे असेल तर? एक्स्चेंजच्या अ‍ॅपमध्ये दिसणारा पत्ता तुमचा नसतो. तो कंपनीचा असतो, तुमच्या नावाने राखून ठेवलेला. मग कंपनी म्हणते, आमचा माणूस फक्त बोर्डीला जातो, उधव्याला जात नाही. सामान तिथे पडून. घर त्यांचं, कुलूप त्यांचं, किल्ली त्यांच्या हातात. आणि आपल्याला सांगतात, 'मिळू शकत नाही'.

म्हणून मी म्हणतो, 'मिळू शकत नाही' आणि 'आम्ही काढत नाही' यात फरक आहे. काही कंपन्या पत्ते वेगळ्या पद्धतीने बांधतात, तिथे काढणं खरंच अवघड असतं, हे मान्य. पण साध्या पत्त्यावर त्याच किल्लीने काढता येतं, आणि काही कंपन्या फी घेऊन काढूनही देतात. तुमच्याकडे नेमकं काय आहे ते लेखी सांगा ना! तीन वेळा तेच छापील उत्तर देऊन दिलगिरी कसली व्यक्त करता?

आता कोणी म्हणेल, बँकेतही खातेनंबर चुकला तर पैसे जातात. जातात, बरोबर आहे. पण बघा. युपीआय करताना समोरच्याचं नाव आधी दिसतं. नेफ्ट आणि आरटीजीएसलाही पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५पर्यंत करा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं. का? कारण लोक चुकतात, आणि चुका होणार हे धरूनच व्यवस्था बांधायची असते. तरी बँकेने ऐकलं नाही तर लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. ती एकत्रित योजना २०२१ पासून आहे.

इथे नाव दिसत नाही आणि लोकपालही नाही. तक्रार कोणाकडे? त्याच कंपनीच्या चॅटवर, जिथे आधी यंत्र बोलतं आणि मग तेच छापील उत्तर येतं.

आणि सरकार? सरकारने दोन कामं चोख केली. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येणार नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. मार्च २०२३ मध्ये हा धंदा मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आणला, कंपन्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागात नोंदणी करायला लावली. ते चांगलंच केलं. पण त्यातून सरकारला कळतं की पैसा कोणाचा. त्या दादाला त्याचा पैसा कोण मिळवून देणार, ते कुठेच लिहिलेलं नाही. कर घ्यायला धंदा खरा, आणि दाद मागायला गेलं की 'तुमच्या जबाबदारीवर'. ही कुठली रीत?

बरं, सरकारला हे तंत्रज्ञान कळत नाही असंही नाही. गडचिरोलीच्या एटापल्लीत ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉनवर नोंदवायचं काम २०२२ मध्ये जाहीर झालं होतं. तेच पॉलिगॉन, ज्यावर या दादाचे पैसे अडकलेत. म्हणजे आदिवासीच्या दाखल्यासाठी नेटवर्क नीट निवडायला अधिकारी बसतात. आदिवासीच्या कमाईसाठी मात्र मराठीत एक साधं माहितीपत्रक माझ्या हाताला आजवर लागलेलं नाही. कोणाकडे असेल तर खाली टाका, मी स्वतः छापून वाटतो.

आता 'अडाणी' या शब्दाबद्दल.

१८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या आपल्या देशातल्या मोठ्या एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरच्या वर माल गेला. रुपयात जवळपास दोन हजार कोटी. त्या वॉलेटमधून पैसे हलवायला एकाची सही पुरत नव्हती, अनेकांच्या सह्या लागत होत्या. आणि कंपनीनेच सांगितलं की सही करणाऱ्यांना स्क्रीनवर एक दिसत होतं आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्याच गोष्टीवर झाली. पुढे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने मिळून जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की हे उत्तर कोरियाच्या टोळीचं काम. सामान्य ग्राहकांची नाणी वर्षाहून जास्त काळ अडकली. सिंगापूरच्या कोर्टात प्रकरण गेलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कुठे व्यवहार पुन्हा सुरू झाले.

ते सही करणारे कोण होते? इंग्रजी न येणारे होते का? कोट्यवधींचा धंदा बघणारी माणसं ती. त्यांनी न दिसणाऱ्या गोष्टीवर सही केली तर तो 'सायबर हल्ला'. आपल्या माणसाने केली तर तो 'अडाणीपणा'.

आपल्या तालुक्याला ही गोष्ट नवी नाही. मे १९४५ मध्ये आपल्या झरी गावात वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्ध उठाव सुरू झाला. गोदूताई परुळेकरांनी ते सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहून ठेवलंय. तेव्हा सावकार कागद पुढे करायचा, माणूस अंगठा द्यायचा, आणि कागदात काय आहे ते पिढ्यांनी फेडायचं. आज कागद मोबाइलमध्ये आलाय. भाषा इंग्रजी, अक्षर बारीक, खाली एक बटण. अंगठा तोच आहे. तेव्हा अंगठा घेणाऱ्याला आपल्या आजोबांनी जाब विचारला होता. आज आपण अंगठा देणाऱ्याला हसतोय. लाज वाटायला हवी ती याची.

आता आपल्याकडच्या गुरूंकडे वळतो. उंबरगावपासून डहाणूपर्यंत किती झालेत हो! हॉटेलचा हॉल, चहा-बिस्कीट, प्रोजेक्टर, गळ्यात चेन. एका तासात 'आर्थिक स्वातंत्र्य'. शेवटी सगळ्यांनी मोबाइल काढायचा आणि त्यांच्या लिंकवरून खातं उघडायचं. त्या लिंकवर त्यांना कमिशन मिळतं, हे किती जण सांगतात? माझा त्यांना एकच प्रश्न. बीएनबीच्या नेटवर्कवरचं युएसडीटी टेदरने काढलेलं आहे की बायनान्सने? उत्तर : ते बायनान्सने त्या किमतीला बांधलेलं नाणं आहे, टेदरने थेट तिथे काढलेलं नाही. नाव तेच, मागे उभा राहणारा वेगळा. हे ज्याला माहीत नाही त्याने दुसऱ्याच्या पैशावर क्लास चालवू नये. आणि 'कुठलंही नेटवर्क चालतं' म्हणणाऱ्याने नुकसान भरून द्यायची तयारी ठेवावी.

हा दादा एकटा नाही. माझ्या दुकानात आलेली आणखी दोन प्रकरणं सांगतो.

उंबरगावच्या कारखान्यात कामाला जाणारा एक पोरगा. टेलिग्रामवर कोणीतरी 'चुकून' आपल्या वॉलेटचे बारा शब्द टाकले होते. पोराने उघडून बघितलं, तर आत काही हजार युएसडीटी. ट्रॉनवर पैसे हलवायला टीआरएक्स लागतं, ते त्यात नव्हतं. याने स्वतःचे दोन हजार रुपयांचे टीआरएक्स घातले. ते आत गेले आणि युएसडीटी हलेच ना. कारण त्या वॉलेटची सही करायची परवानगी आधीच दुसऱ्या पत्त्याला दिलेली होती. सापळाच तो. बारा शब्द मुद्दाम टाकलेले. हा पोरगा चुकला, त्याला मी झापलंही. दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही, हे शिकवायला ब्लॉकचेन लागत नाही.

दुसरं प्रकरण जास्त वाईट. एका ताईचा भाऊ जहाजावर आहे. त्याने घराच्या कामासाठी युएसडीटी पाठवले. नेटवर्क बरोबर, पैसे आले. ताईने ते अ‍ॅपवर एका अनोळखी माणसाला विकले, त्याने रुपये खात्यात टाकले. आठ दिवसांनी खातं गोठलं. तो रुपया दुसऱ्या राज्यात फसवणूक झालेल्या कोणाचा तरी होता, आणि त्याने तक्रार केली होती. बँक म्हणते, त्या पोलीस ठाण्याशी बोला. ताई आयुष्यात सुरतेच्या पुढे गेलेली नाही. त्याच खात्यात लाडक्या बहिणीचे पैसे, त्याच खात्यात पोराची शिष्यवृत्ती. मुद्दा लक्षात घ्या. नेटवर्क बरोबर निवडलं म्हणजे सुटलो असं नाही. नाण्याचे रुपये करतानाचा शेवटचा टप्पा सगळ्यात घसरडा आहे.

म्हणून मी आधी हेच सांगेन, की गरज नसेल तर हा रस्ता धरू नका. जहाजावरच्या भावांनो, कंपनीला सांगून पगारातला वाटा थेट एनआरई खात्यात किंवा घरच्यांच्या खात्यात पाठवा. चित्र विकणाऱ्यांनो, गिऱ्हाइकाला बँकेचा तपशील द्या. चार दिवस लागले तरी चालेल. परदेशी विकलेल्या मालाचे पैसे अधिकृत बँकेमार्फत यावेत अशी परकीय चलन कायद्याचीही अपेक्षा आहे. उद्या तुमच्या कलेला मोठी ऑर्डर आली, कर्ज काढायची वेळ आली, तर बँकेतून आलेला पैसाच कागदावर दिसतो.

पण नुसतं 'नको' म्हणून चालत नाही हे मलाही कळतं. लोक करणारच आहेत. तर मग असं करा.

१. नेटवर्क घेणारा ठरवतो, पाठवणारा नाही. घेणाऱ्याने आपल्या अ‍ॅपमध्ये 'डिपॉझिट'मध्ये जायचं. आधी नाणं निवडायचं, मग नेटवर्क, मग पत्ता. तिन्ही गोष्टी एकत्र पाठवायच्या. नुसता पत्ता पाठवायचा नाही. पाठवणाऱ्याच्या अ‍ॅपमध्ये तेच नेटवर्क नसेल तर व्यवहार थांबवायचा. 'जवळचं' नेटवर्क नावाची गोष्ट नसते.

२. स्वस्त कुठलं हा दुसरा प्रश्न आहे. दोन्हीकडे चालतं कुठलं, हा पहिला. दोन्हीकडे चालणारी दोन-तीन असतील तर मग फी बघा. युएसडीटीसाठी ट्रॉन खूप ठिकाणी चालतं. इथेरियमवर गर्दी असली की फी चढते. पण फीचे पन्नास-शंभर रुपये वाचवायला ४५ हजार पणाला लावू नका.

३. नाण्याचं नाव नीट वाचा. युएसडीटी वेगळं, युएसडीसी वेगळं. युएसडीसी काढणाऱ्या सर्कल कंपनीने ट्रॉनवर ते नाणं देणं २०२४ मध्ये बंद केलं. पॉलिगॉनवर युएसडीसीचे दोन प्रकार फिरतात, एक सर्कलने थेट काढलेलं आणि एक दुसऱ्या नेटवर्कवरून पूल बांधून आणलेलं. काही कंपन्या एकच घेतात. जुनी माहिती, जुना व्हिडिओ, जुना स्क्रीनशॉट यावर जाऊ नका.

४. आधी थोडे पाठवा. दहा युएसडीटी, फार तर वीस. ते घेणाऱ्याच्या खात्यात जमा झालेले दिसले की बाकीचे. दोनदा फी गेली तर जाऊ द्या. फक्त एक बघा, काही कंपन्यांची कमीत कमी जमा रकमेची अट असते. तिच्याखाली पाठवलं तर तेही जमा होत नाही.

५. पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नका. चोर मुद्दाम तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखा पत्ता बनवतात, पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं तीच, आणि तुम्हाला शून्य रकमेचा व्यवहार पाठवून यादीत घुसतात. मे २०२४ मध्ये एका बड्या माणसाचे जवळपास ६.८ कोटी डॉलर अशाच पत्त्यावर गेले होते. त्याचं नशीब की पुढे परत मिळाले. आपल्याला कोण परत देणार? पत्ता दर वेळी घेणाऱ्याकडून नव्याने घ्या आणि मधली अक्षरंही जुळवा.

६. स्वतःच्या वॉलेटमध्ये थोडं इंधन ठेवा. ट्रॉनवर टीआरएक्स, इथेरियमवर ईटीएच, बीएनबीवर बीएनबी. ते नसेल तर लाख रुपयांचे युएसडीटीही जागचे हलत नाहीत. टॉनसारख्या नेटवर्कवर एक्स्चेंजला पाठवताना पत्त्याशिवाय 'मेमो' म्हणून एक नंबर लागू शकतो. तो विसरलात तर पैसे कंपनीच्या ढिगात जातात, तुमच्या नावावर नाही.

७. वॉलेट कुठलं? पैसे येऊन लगेच रुपये करायचे असतील तर सरकारकडे नोंदणी असलेली भारतातली कंपनी. अनोळखी माणसाला थेट विकायचं नाही, भाव दोन रुपये जास्त मिळाला तरी. साठवून ठेवायचं असेल तर स्वतःचं वॉलेट, पण मग बारा शब्द कागदावर लिहून घरात ठेवायचे. मोबाइलमध्ये फोटो नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, गुरूला तर नाहीच. 'वॉलेट व्हेरिफाय करा' म्हणून कोणी क्यूआर दिला तर स्कॅन करू नका. त्यात बऱ्याचदा तुमचे पैसे उचलायची परवानगी मागितलेली असते.

८. चुकलंच तर व्यवहाराचा नंबर जपून ठेवा, कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फसवणूक असेल तर लगेच १९३० ला फोन. तासाभरात केला तर पैसे अडवण्याची शक्यता जास्त. आणि 'अडकलेले युएसडीटी काढून देतो' म्हणणारा जो भेटेल तो दुसरा चोर समजा. तो आधी फी मागेल.

हे आठ मुद्दे मी दुकानात भिंतीवर लावतोय. पण खरं सांगू? हे लिहिताना राग येतो. घरावर पत्रे टाकायला निघालेल्या माणसाने आठ मुद्दे पाठ करायचे, आणि रोज कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला पडद्यावर एक ओळ मराठीत लिहिता येत नाही? 'हा पत्ता फक्त इथेरियमसाठी आहे. पॉलिगॉनवरून पाठवलं तर पैसे मिळणार नाहीत.' एवढंच. जाहिराती मराठीत येतात. मग इशारा इंग्रजीत का?

माझ्या मागण्या साध्या आहेत. ज्या राज्यात धंदा करता त्या राज्याच्या भाषेत इशारा द्या, बटणाच्या वर, मोठ्या अक्षरात. चुकीच्या नेटवर्कवर आलेले पैसे काढता येत असतील तर ठरलेल्या फीत, ठरलेल्या मुदतीत काढून द्या. येत नसतील तर कारण लेखी द्या. आणि सरकारने ३० टक्के घ्यायचे असतील तर बँकेसारखा लोकपाल इथेही बसवावा. आपल्या आमदार-खासदारांना मी हे लेखी देणार आहे. सही करायला कोण कोण येतंय ते खाली कळवा. सही करण्याआधी अर्ज वाचून दाखवीन, मराठीत.

त्या दादाचं पुढे काय झालं? कंपनीला चौथं पत्र लिहिलंय, या वेळी नेमकं विचारलंय की किल्ली तुमच्याकडे आहे की नाही, हो किंवा नाही. अजून उत्तर नाही. पैसे अजून तिथेच आहेत. तो आठवड्यातून एकदा दुकानात येतो, म्हणतो, "दाखव जरा." मी वही उघडून दाखवतो. ५२०. तो बघतो आणि जातो.

नाक्यावर हसणाऱ्या त्या दोघांनी एकदा त्या वेळी माझ्या दुकानात यावं. चहा मी पाजतो.